साडेआठची नोंद

हर्णैच्या बंदराच्या वर, चिऱ्याच्या चढणीवर
चार पायांची पांढरी पेटी आहे,
फटीफटींची, मधमाश्यांना भाड्यानं द्यावी अशी.
आत दोन नळ्या. एक कोरडी,
दुसरीच्या पायाला ओली मलमल.
सकाळी साडेआठला दार उघडून
मी श्वास रोखून वाचते.
माझ्या उच्छ्वासानंही पारा चढतो,
तेवढंसुद्धा खोटं वहीत जायला नको.

पौष अर्धा सरलाय.
मतलई चार दिवस पडून आहे.
आकाशाचे आठ भाग केले तर सात ढगाचे,
उरलेला एक अंजर्ल्याच्या डोंगरामागे, तोही मळकट.
मोहोरावर तुडतुडे बसलेत,
खाली लिलावात सुरमईचा भाव सोडून
लोक वर बघतायत.

हा ढग इथला नव्हे.
मालदीवच्या खाली, विषुववृत्तावर,
ढगांचा एक मोठा तांडा निघालाय पूर्वेला
सायकलच्या वेगानं. घाई नाही त्याला.
चाळीसेक दिवसांनी पुन्हा येतो, कधी साठ लावतो,
आणि आपल्याला लागते ती
त्याच्या धोतराची नुसती किनार.

पण तो जिथून जातो तिथली हवा
ऊब घेऊन वर चढते, वर गेल्यावर पसरते,
आणि हिमालयाच्या अंगानं वाहणाऱ्या
उंच वाऱ्याच्या नदीला कोपरानं ढकलते.
नदी वाकते.
एक वाक, पुढे दुसरा,
पॅसिफिकवरून, अमेरिकेवरून, अटलांटिकवरून,
दहा-बारा दिवसांत पार बर्गनपर्यंत.
धक्क्याला बांधलेला दोर
एका टोकाला झटकून बघा.
दोर कुठेच जात नाही.
लाट जाते.

बर्गनला नौशाद परकार टगबोटीवर आहे.
आठवीपर्यंत माझ्या मागच्या बाकावर होता.
शुक्रवारी आईला फोन करतो,
आणि शनिवारी रुकय्याचाची टोपली उतरवून
चढण चढून माझ्याकडे येते:
"तिथं थंडी कवा मोडंल गो?"
तिच्या मते हवामान एकच असतं
आणि ते माझ्या पेटीत ठेवलेलं असतं.

वहीच्या मागच्या पानांवर
मी गुपचूप दोन रकाने आखले होते.
डावीकडे आमचे ढग,
उजवीकडे नौशादचे शब्द:
"बर्फ गेला. पाऊस. वारा पश्चिमेचा, बेफाम."
दोन हिवाळे जुळलं.
तिसऱ्याला मी फुशारले.
चाचीला म्हटलं, दहा दिवस थांबा, तिकडे ऊब येईल.

ऊब आली नाही.
नदी दुसरीकडेच वाकली असेल,
कुणी वरूनच, ध्रुवाच्या बाजूनं, पाय घातला असेल,
किंवा काहीच नसेल, नुसता जानेवारी.
डेकवर काचेसारखा बर्फ,
नौशादचं मनगट दोन ठिकाणी.
चाची मला काही बोलली नाही.
पुढच्या शनिवारी बांगडे देऊन गेली,
पैसे घेतले नाहीत,
ते मला जास्त लागलं.

मोठ्या यंत्रांवर काम करणारे म्हणतात, शक्यता वाढते.
वाढते, एवढंच.
नाण्याच्या एका बाजूला थोडी माती चिकटावी
आणि तरी ते हवेत असावं, तसं.
हे मी कोकणीत कसं सांगू?
सांगितलं तर ती विचारील, मग पडलं कुठल्या बाजूला?

आज पुन्हा आठातले सात.
चाची फाटकाशी उभी, पदराला हात पुसतेय.
मी म्हणते, ढग आहे.
ती म्हणते, दिसतंय.
मग दोघी जरा वेळ
कलमांकडे बघतो. मोहोर काळवंडतोय.

कोरडी: चोवीस पूर्णांक दोन.
ओली: बावीस.
वारा: नाही.
मागच्या पानावर, डावीकडे, तारीख लिहिते.
उजवीकडची जागा
बोटानं झाकून ठेवते.